जागरण, अवेळी खाणं आणि मधुमेहाचा धोका: नागपूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीतल्या मुलांचे आईबाबा आहाराचा सल्ला घ्यायला येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात रक्ताचा रिपोर्ट असतो आणि तोंडी एकच तक्रार असते: "हा काहीबाही खातो." काय खातो हे ते सविस्तर सांगतात. किती वाजता झोपतो हे मात्र मलाच विचारावं लागतं. ते उत्तर मिळालं की खाण्याचं निम्मं कोडं सुटतं, असा माझा आहारतज्ज्ञ म्हणून अनुभव आहे. त्यामुळे खाली आहाराइतकंच झोपेबद्दलही बोलले आहे.

आमच्या मुलाला धोका आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

वय दहाच्या पुढे असेल किंवा वयात येण्याची लक्षणं सुरू झाली असतील, वजन उंचीच्या मानाने जास्त असेल आणि पुढच्यांपैकी एखादी जरी गोष्ट जुळत असेल, तर साखर तपासून घ्यावी. आई, वडील, भावंडं, आजी-आजोबा, सख्खे काका, मामा, आत्या, मावशी यांच्यापैकी कुणाला टाइप 2 मधुमेह (शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याने हळूहळू होणारा, सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) असणं. हा मुलगा पोटात असताना आईची साखर वाढलेली असणं. जन्माच्या वेळी वजन फार कमी असणं. रक्तदाब किंवा चरबीचे आकडे वाढलेले असणं. मुलींमध्ये पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड.

एक खूण घरच्या घरी दिसते, पण तिचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर कातडी काळी, जाडसर आणि मखमली होते. आई ती मळ समजून घासते, मुलगी ओढणीने झाकते. ती घासून जाणार नाही. रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्याचा परिणाम कातडीवर उमटतो. अशी मान दिसली तर साबण बदलण्याआधी डॉक्टर गाठा.

2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातल्या शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी साधारण दहापैकी एकाची साखर बॉर्डरवर, म्हणजे जास्त पण मधुमेहाइतकी नाही, अशी आढळली होती. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चारेक मुलं.

पण आमचा तर काडीसारखा आहे. त्याला कशाला धोका असेल?

असू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून हे समोर आलं की, भारतीय बाळं जन्मतःच वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगातलं चरबीचं प्रमाण मात्र त्या मानाने जास्त असतं. मोठेपणीही तेच चित्र दिसतं: हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. टेपने कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर मुलगा शर्टात कितीही सडपातळ दिसत असला तरी लक्ष द्यायला हवं.

बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचा, तक्ताही आपला वापरा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षांसाठी काढलेल्या तक्त्यात जास्त वजनाची रेषा आपल्या शरीराचा विचार करून खाली आणलेली आहे. मोबाईलवरचे बरेच कॅल्क्युलेटर प्रौढांचे आकडे लावतात आणि पालक निर्धास्त होतात.

झोपेचा आणि खाण्याचा नेमका संबंध काय? झोप कमी झाली तर थकवा येईल, साखर कशी वाढेल?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1999 मध्ये अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद तेवढ्यात लक्षणीय घसरली. खाणं ठरवून दिलेलं होतं, आजार कुठलाच नव्हता, कमी होती ती फक्त झोप. पुढे 2004 मध्ये त्याच विद्यापीठातल्या प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री कमी झोपवल्यावर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटलं, भूक चेतवणारं घ्रेलिन वाढलं आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक साधारण 24 टक्क्यांनी वाढली. भूक कशाची वाढली तर गोड, खारट, पिठूळ पदार्थांची.  लेप्टिन-घ्रेलिनचे आकडे पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असेच आले नाहीत, पण कमी झोपलेला माणूस जास्त खातो हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

मेंदूतही बदल होतो. झोप अपुरी असली की विचारपूर्वक "नको" म्हणणारा मेंदूचा भाग मंदावतो आणि चविष्ट पदार्थ पाहून हुरळणारा भाग जास्त चेतवला जातो. त्यात रात्री एक वाजेपर्यंत जागं राहणाऱ्याला खायला तीन तास जास्त मिळतात, घर झोपलेलं असतं आणि डबे हाताशी असतात.

आणखी एक गोष्ट वेळेची. आपल्या शरीराला घड्याळ आहे. रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचा निरोप देणारं हार्मोन, वाढतं तेव्हा स्वादुपिंड विश्रांतीच्या तयारीत असतं आणि इन्सुलिन हात आखडून सोडतं. त्यामुळे सकाळी खाल्लेले पोहे आणि रात्री बाराला खाल्लेले तेवढेच पोहे रक्तात सारखी साखर चढवत नाहीत. रात्रीचे जास्त चढवतात.

आणि वयात येताना प्रत्येकच मुलाचं शरीर इन्सुलिनला थोडं कमी दाद देतं. निरोगी मुलाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून ते निभावून नेतं. ज्याच्या घरात मधुमेह आहे त्याच्याकडे ही जादा ताकद आधीच बेताची असते, आणि नेमक्या याच वर्षांत जागरण सुरू होतं.

हे प्रयोग तर मोठ्या माणसांवरचे झाले. मुलांवर काही झालं आहे का?

झालं आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या संशोधकांनी 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात त्याच किशोरवयीन मुलांना काही रात्री साडेसहा तास आणि काही रात्री दहा तास अंथरुणात ठेवलं होतं. कमी झोपेच्या दिवसांत त्यांचं खाणं वाढलं, विशेषतः गोडधोड वाढलं. इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांच्या साडेचार हजारांवर मुलांची पाहणी झाली, त्यात दक्षिण आशियाई कुटुंबांतली मुलंही बरीच होती. जी मुलं जास्त झोपत होती त्यांचं वजन आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला दाद न देणं) कमी होता. ही पाहणी होती, प्रयोग नव्हता, त्यामुळे झोपेनेच हे घडलं असं तिच्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण प्रयोग आणि पाहणी दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात.

झोप किती हवी? आमचा सहा तासांत ताजातवाना उठतो.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी तज्ज्ञांची शिफारस आठ ते दहा तासांची आहे. सहा तासांत खरंच भागतं अशी मुलं फारच थोडी.

उठताना ताजा दिसतो का, यापेक्षा तीन गोष्टी पाहा. गजर न लावता सुटीच्या दिवशी तो रोजच्यापेक्षा फार उशिरा उठतो का? दुपारी वर्गात किंवा ऑटोत डोळे मिटतात का? संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास गोड, तळलेलं मागण्याची ओढ रोजची आहे का? तिन्हींची उत्तरं "हो" अशी असतील तर झोप कमी पडते आहे.

बाराच्या आधी झोपच येत नाही म्हणतो. हा आळस नाही का?

नाही. वयात येताना मेलाटोनिन सुटण्याची वेळच पुढे सरकते. लहानपणी नऊला पेंगणारा मुलगा पंधराव्या वर्षी साडेदहा-अकरापर्यंत खरोखर टक्क जागा असतो. त्याचं शरीर तसं सांगत असतं. अडचण सकाळची आहे, कारण शाळा त्याच्यासाठी थांबत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चिमुकल्यांसाठी ते चांगलंच झालं. पण झोपेचं घड्याळ सर्वांत जास्त पुढे सरकतं ते आठवी ते बारावीच्या मुलांचं, आणि सकाळी सातच्या शाळेसाठी सव्वासहाला रिक्षाची वाट पाहत उभी असतात तीही हीच मुलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत असं 2014 मध्येच सांगितलं आहे. आपल्याकडे पालक-शिक्षक सभेत फी, गणवेश, बस सगळ्यावर चर्चा होते. वरच्या वर्गांच्या वेळेचा मुद्दाही कुणीतरी मांडायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

तोवर घरी काय करता येईल? रात्रीची वेळ एकदम दोन तास मागे खेचू नका, ते टिकत नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं मागे या. सकाळी उठल्याबरोबर मुलाला गच्चीवर किंवा बाल्कनीत उजेडात उभं करा. शरीराचं घड्याळ लवकर लावायला सकाळच्या उजेडाइतकं स्वस्त आणि प्रभावी दुसरं काही नाही.

क्लास रात्री साडेनऊला सुटतो, घरी यायला दहा. मग जेवण कधी द्यायचं?

नागपुरात नीट-जेईईची तयारी करणाऱ्या जवळपास प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे. दुपारी दोनला जेवलेला मुलगा संध्याकाळी क्लासच्या मधल्या सुटीत समोरच्या ठेल्यावर आलूबोंडा किंवा चायनीज खातो, दहाला घरी येऊन पूर्ण ताट जेवतो, मग अकराला अभ्यासाला बसतो आणि साडेबाराला पुन्हा काहीतरी चाचपतो. दिवसभरातलं निम्म्याहून अधिक खाणं अंधार पडल्यावर होतं.

मी सांगते ते एवढंच: जेवण दोन भागांत तोडा आणि मोठा भाग आधी द्या. क्लासला निघण्याआधी, पाच-साडेपाचला, खरं जेवण. ज्वारीची भाकरी किंवा पोळी, भाजी, घट्ट वरण किंवा उसळ, चालत असेल तर दोन अंडी. याला नाश्ता म्हणू नका. हेच रात्रीचं जेवण, फक्त लवकर. दहाला घरी आल्यावर हलकं: वाटीभर मुगाची खिचडी आणि ताक, किंवा भाजी घालून केलेलं सूप आणि अर्धी भाकरी. पोट रिकामं ठेवून झोपवायचं नाही, कारण भुकेल्या पोटीही झोप लागत नाही. तूर, मूग, चना, दही, अंडं यांतलं प्रथिन संध्याकाळच्या ताटात असलं की रात्रीची चाचपणी बरीच कमी होते.

घरून पाच वाजता जेवण देणं शक्य नसेल, आई-बाबा दोघं नोकरीवर असतील, तर डबा द्या. पोळीचा रोल, उकडलेले चणे, भाजलेले शेंगदाणे, हिवाळ्यात संत्री. संत्री खायची, रस काढून प्यायचा नाही. रसात तीन-चार फळांची साखर एका घोटात जाते आणि चोथा मागे राहतो.

आणि तर्री पोहे? ते बंद करायचे का?

नागपुरात राहून तर्री पोहे बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. सकाळी खा. प्लेट एकच, वर शेव कमी, तर्रीतले चणे जास्त मागून घ्या आणि वरचा तेलाचा तवंग टाळा. चण्यांमुळे पोह्यांची साखर रक्तात थोडी सावकाश चढते. आठवड्यातून एखाद्या वेळी मित्रांबरोबर सकाळी खाल्लेल्या पोह्यांपेक्षा रोज रात्री साडेबाराला खाल्लेली मॅगी जास्त नुकसान करते.

मध्यरात्री अभ्यास करताना खरंच भूक लागली तर?

आधी पाणी प्यावं आणि घड्याळ पाहावं. अकरा वाजून गेले असतील तर ती भूक बहुतेक वेळा झोपेची हाक असते. तरीही पोटात कावळे ओरडत असतील तर कपभर दूध, मूठभर फुटाणे किंवा दाणे. बिस्किटं, फरसाण, ब्रेड यांचे डबे अभ्यासाच्या टेबलावरून हलवा. मुलाच्या संयमाची परीक्षा रात्री बारा वाजता घेण्यात अर्थ नाही. त्या वेळी मोठ्या माणसांचाही निर्धार टिकत नाही.

चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक चालेल का?

दुपारनंतर नको. कॅफिन रक्तातून निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीही अंगात असतं. झोप उशिरा येते, सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून पुन्हा चहा. हे चक्र दोन आठवड्यांत पक्कं होतं.

एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर ते मुलांसाठी योग्य नसल्याचं छापलेलं असतं, ते वाचा. त्यात कॅफिनसोबत साखर असते. साध्या कोल्ड्रिंकच्या 250 मिलीच्या बाटलीतही साधारण 25 ग्रॅम, म्हणजे पाचेक चमचे साखर असते. ज्या मुलाची साखर बॉर्डरवर आहे त्याच्या घरात ही दोन्ही पेयं आणूच नयेत, पाहुण्यांसाठीही.

सकाळी त्याला भूकच नसते. उपाशीच शाळेत जातो.

रात्री अकराला जेवलेल्याला सकाळी सहाला भूक कशी लागेल? सकाळी कोंबण्यापेक्षा रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करा, आठवडाभरात सकाळची भूक परतते. तोवर ग्लासभर दूध आणि सोबत डबा पुरे.

रविवारी दुपारी बारापर्यंत झोपतो. झोपेची भरपाई होते ना?

थोडी होते. पण शनिवारी दोनला झोपून रविवारी बाराला उठणारा मुलगा रविवारी रात्री अकराला झोपूच शकत नाही. सोमवारी सकाळी त्याचं शरीर दुसऱ्याच देशाच्या वेळेत असतं. जेवणाच्या वेळाही तशाच सरकतात: नाश्ता गायब, जेवण चारला, रात्री बाहेरचं. सुटीच्या दिवशी रोजच्यापेक्षा तास-दीड तास उशिरा उठू द्या. आणखी हवीच असेल तर दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी. दोन तासांची दुपारची झोप रात्रीची झोप खाते.

मे महिन्यात इथे झोपायचं तरी कसं?

उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात आणि झोप लागायला तर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. म्हणून उकाड्यात झोप उशिरा लागते आणि वारंवार मोडते. एसी सगळ्यांकडे नसतो. कूलर मात्र बहुतेक घरी असतो आणि तो बंद खोलीत लावला की दमटपणा वाढून उलट घुसमट होते. कूलरला बाहेरची हवा मिळायला हवी आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. झोपण्याआधी तास-अर्धा तास कोमट पाण्याने आंघोळ, सुती चादर, रात्रीचं जेवण कमी मसाल्याचं. सावजीचं जेवण उन्हाळ्यातल्या रात्री दहाला नकोच. ते तिखट आणि तेल पोटात घेऊन झोप शांत लागत नाही.

घरात एकच खोली थंड होत असेल तर परीक्षेच्या आणि शाळेच्या दिवसांत ती मुलांना द्या. दिवसभर घाम गाळून ती मुलं कोल्ड्रिंक, रसना, गोळा यांवर तहान भागवतात. माठाचं पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, कमी साखरेचं पन्हं हे घरात तयार असू द्या.

मोबाईल काढून घ्यायचा का?

झोपायच्या तासभर आधी, हो. पण सगळ्यांचा. बाबा सोफ्यावर रील पाहत असताना मुलाचा मोबाईल हिसकावला तर भांडणाशिवाय काही होत नाही. सगळे फोन रात्री बैठकीत चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ.

मुलगी घोरते. त्याचा याच्याशी संबंध आहे?

आहे, आणि तो गंभीर आहे. आठवड्यातून तीन-चार रात्री मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबून दचकणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, सकाळी डोकं दुखणं ही झोपेत श्वास अडखळण्याची लक्षणं आहेत. अशी मुलगी नऊ तास अंथरुणात असली तरी तिची झोप अपुरीच. टॉन्सिल किंवा अॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले असू शकतात, वजनामुळेही होतं. मोबाईलवर आवाजासह छोटा व्हिडिओ काढून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, वर्णन करत बसण्यापेक्षा त्यांना लवकर कळेल. आणि मुलीची पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर पीसीओएसची तपासणीही त्याच वेळी करून घ्या.

तपासणी कोणती करायची? आमच्या घरात सिकलसेलही आहे.

हे आधी सांगितलंत ते फार बरं झालं. साधारणपणे उपाशीपोटी साखर 100 ते 125, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) 5.7 ते 6.4 असेल तर बॉर्डर समजतात. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त असेल तर मधुमेह, पण लक्षणं नसताना एकाच रिपोर्टवर निदान करत नाहीत, पुन्हा तपासतात.

एचबीएवनसी ही तपासणी लाल पेशींवर अवलंबून आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटाच कमी येतो आणि साखर वाढलेली असूनही रिपोर्ट छान दिसतो. मूल नुसतं वाहक असेल तर आकडा बरोबर येईल की नाही हे लॅब कोणती पद्धत वापरते यावर ठरतं. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, म्हणून इथल्या प्रत्येक पालकाने रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. अशा मुलांसाठी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर जास्त भरवशाची. उलट, लोह कमी असल्याने झालेल्या अॅनिमियात एचबीएवनसी खोटाच थोडा जास्त येऊ शकतो, आणि वयात येणाऱ्या मुलींत हा अॅनिमिया किती आहे ते आपण जाणतोच.

मुलगा गडचिरोलीहून इथे होस्टेलवर आहे. आम्ही लांबून काय करू शकतो?

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळहून आलेली किती तरी मुलं इथे चार-सहा जणांच्या खोलीत राहतात. एक जण दोनपर्यंत जागतो, दुसरा पाचला उठतो आणि दिवा कुणासाठीच बंद होत नाही. डोळ्यांवर बांधायची सुती पट्टी आणि कानात घालायचे बोळे ही पन्नास-शंभर रुपयांची वस्तू पाठवा, त्यांचा फार उपयोग होतो. मेसचं रात्रीचं जेवण किती वाजता सुरू होतं ते विचारा आणि पहिल्या पंगतीत जेवायला सांगा. घरून पाठवायच्या डब्यात चिवडा-लाडूंबरोबर भाजलेले चणे, दाणे, जवसाची चटणी, सत्तू घाला. फोनवर रोज "जेवलास का?" विचारता, तसंच "काल किती वाजता झोपलास?" हेही विचारा. रागावायचं नाही, फक्त विचारायचं.

बारावीचं वर्ष आहे. आठ तास झोपला तर सिलॅबस कसा संपेल?

दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. दोन वाजेपर्यंत वाचलेली पानं सकाळी आठवत नाहीत, ती पुन्हा वाचावी लागतात. बारावीसाठी मी आठ तासांचा आग्रह धरते, आणि साडेसातच्या खाली तडजोड करत नाही. परीक्षेच्या आदल्या महिन्यात तर नाहीच.

झोप सुधारली की मधुमेह टळेल, असं समजायचं का?

तशी हमी कुणी देऊ शकत नाही. आनुवंशिकता, वजन, काय खातो, किती हलतो या सगळ्याचा वाटा मोठा आहे. रोज तासभर घाम येईल असा खेळ किंवा चालणं लागतंच: अंबाझरीला फेरी, कॉलनीच्या मैदानावर कबड्डी, सायकलने क्लासला जाणं, काहीही. झोप एकटी पुरणार नाही. पण झोप नसेल तर बाकीचं सगळं दुप्पट कठीण होतं. 2022 मध्ये शिकागोतच झालेल्या एका प्रयोगात जास्त वजनाच्या आणि रोज साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या तरुणांची झोप साधारण तासाभराने वाढवली. खाण्याबद्दल त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तरी त्यांचं रोजचं खाणं सरासरी 270 कॅलरींनी कमी झालं. ती मुलं नव्हती, प्रौढ होती, आणि प्रयोग दोन आठवड्यांचा होता. तरी डाएटचा कागद हातात न देता एवढा फरक पडतो, हे पाहून मी माझी सल्ल्याची सुरुवातच बदलली.

घाई एवढ्यासाठी की कमी वयात आलेला टाइप 2 मोठ्यांपेक्षा वेगाने बळावतो. अमेरिकेत अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा सरासरी 26 वर्षांच्या वयापर्यंत त्यांतल्या सुमारे 60 टक्के जणांना डोळे, मूत्रपिंड किंवा नसांची किमान एक गुंतागुंत झालेली होती.

झोपेसाठी मेलाटोनिनच्या गोळ्या देऊ का? ऑनलाइन मिळतात.

स्वतःहून देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

मी सोळा वर्षांचा आहे. घरी सगळे माझ्या ताटावर नजर ठेवून असतात. मला खाण्यावर ताबाच नाही असं वाटतं.

तू लिहिलंस, चांगलं केलंस. ताबा नाही असं नाहीये. अपुऱ्या झोपेत कुणाचंही शरीर असंच मागतं, हे वरच्या प्रयोगांतल्या धडधाकट तरुणांनी दाखवलं आहे. एक करून पाहा: दोन आठवडे खाण्याचं काहीच बदलू नकोस, फक्त रोज पाऊण तास लवकर दिवा बंद कर आणि संध्याकाळी किती आणि कशाची भूक लागली ते वहीत लिही. ती वही आईबाबांना दाखव. त्यांना काळजी आहे, ती त्यांना ताटाशिवाय दुसरीकडे कशी व्यक्त करायची ते कळत नाहीये. आणि लपून खाऊन मग रडू येत असेल, किंवा उपाशी राहून शिक्षा करून घेत असशील, तर ते एकट्याने सोसू नकोस. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांग. त्यावर उपचार आहेत.

कुठली लक्षणं दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा?

सारखी तहान, सारखी लघवी, रात्री अंथरूण ओलं होणं, भरपूर खाऊनही वजन झपाट्याने उतरणं. हा टाइप 1 मधुमेह असू शकतो. तो झोपेमुळे किंवा खाण्यामुळे होत नाही, कुणाच्याही घरी होतो, आणि त्यात दिवस घालवणं धोक्याचं आहे. त्याच दिवशी साखर तपासा. सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास किंवा गुंगी असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी थेट मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा आणि पोचताच "आधी साखर तपासा" असं सांगा.